खालची फळी

यात पदरचं काहीही नाही. आमच्या घरात ही हकीकत चार पिढ्या सांगितली जाते आहे, आणि सांगणाऱ्यांपैकी एकालाही गोष्टी रचायची हौस नव्हती.

भूत म्हटलं की लोकांना अमावास्येची रात्र हवी असते. ती माझ्याकडे नाही. हे घडलं भर दुपारी. देवासला, माताजीच्या टेकडीखालच्या एका गल्लीत. साल १९०८ किंवा ०९. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार असायचे तेव्हाची गोष्ट.

इंदू धारची. माझ्या पणजोबांची, म्हणजे अण्णांची, धाकटी बहीण. देवासच्या भगवंतरावांना ती दिली तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की त्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको, दुर्गा, प्लेगात गेली होती.

लग्नात इंदूच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर आणखी एक गोष्ट आली. चांदीचा छोटा टाक. त्यावर एका बाईची आकृती ठोकलेली. सवतीचा टाक. गेलेल्या सवतीला असं गळ्यात बाळगायचं, मान द्यायचा, म्हणजे ती संसारात विघ्न आणत नाही, अशी रीत.

इंदूला त्या टाकाची भीती वाटली नाही. उलट तिला दुर्गेचा थोडा हेवाच वाटला.

कारण भगवंतरावांनी तिला एकदा सांगितलं होतं, "शेवटपर्यंत मी तिच्या उशाशी होतो. माळावरच्या झोपडीत. तिनं माझा हात घट्ट धरला होता. तसाच धरून ती गेली."

सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. इंदूही रडली. ज्यानं पहिलीचा हात सोडला नाही तो माझाही सोडणार नाही, असं तिला वाटलं. एवढ्या एका गोष्टीवर तिनं त्या घरात आपला जीव लावला.

घरात तिसरं माणूस म्हणजे अक्का. भगवंतरावांची थोरली बहीण, बालविधवा. घर तिच्याच हातात. स्वभावानं वाईट नाही हो. इंदूच्या केसांना तेल लावून द्यायची, तिला माहेरची आठवण आली की जवळ बसवायची. फक्त स्वैपाकघरातल्या फडताळाच्या बाबतीत तिचं बोलणं तुटक व्हायचं.

ते फडताळ भिंतीत होतं. सागवानी दारं, आत सागवानी फळ्या. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वीतभर उंच. सगळ्यात वरची इतकी उंच, की पाटावर उभं राहावं लागे.

"खाण्याचं, पिण्याचं सगळं वरच्या फळीवर," अक्कानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "खाली फक्त तेलाची बुधली आणि लोणचं. उंदीर फार आहेत या घरात."

फडताळाची देखभाल इंदूला मनापासून आवडायची. फळ्या काढून उन्हात टाकायच्या, रिठ्याच्या पाण्यानं घासायच्या, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचं तेल चोळायचं, कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे ठेवायचे. आईनं शिकवलेलं सगळं ती तिथं करायची.

आईची आणखी एक सवय तिच्यात होती. पाण्याच्या तांब्यावर सगळे पेला घालतात. इंदू वाटी पालथी घालायची, आणि त्याआधी पाण्यात एक तुळशीचं पान टाकायची.

"हे काय धारचं खूळ?" अक्का हसायची.

पहिली खूण त्या तांब्याचीच.

इंदू जेवण आटोपून जरा आडवी झाली होती. उठली, पाणी प्यायला फडताळ उघडलं. वरच्या फळीवर तांब्या नव्हता...

तो सगळ्यात खालच्या फळीवर होता. वाटी बाजूला काढून ठेवलेली. वर पेला.

तिला वाटलं, अक्कानं ठेवला असेल. तिनं उचलून वर ठेवला आणि विसरली.

दुसऱ्या दिवशी लाह्यांचा डबा खाली. मग गुळाची ढेप. मग दशम्यांची टोपली. रोज दुपारी घर निवांत झालं की काही ना काही वरच्या फळीवरून खालच्या फळीवर यायचं. पडलेलं नाही, सांडलेलं नाही. नीट, हाताशी ठेवलेलं.

"उंदीर," अक्का म्हणायची.

"अक्का, उंदीर भरलेला तांब्या खाली आणून वर पेला घालतात का?"

"मग तूच ठेवत असशील. तुझं लक्ष कुठं असतं?" अक्का उठून निघून गेली. पण जाताना तिनं फडताळाकडे पाठ केली नाही, हे इंदूनं पाहिलं.

मग एका दुपारी आवाज आला.

इंदू ओसरीवर तांदूळ निवडत होती. अक्का शेजारी गेलेली. स्वैपाकघरातून बांगड्यांची किणकिण ऐकू आली. अगदी हलकी. थांबून थांबून...

अक्का विधवा. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या.

आणि तो आवाज उभ्या बाईच्या हाताच्या उंचीवरून येत नव्हता. जमिनीलगत येत होता. कुणीतरी कोपरांवर सरकत चाललं असावं तसा.

इंदूनं गळ्यातला टाक मुठीत धरला आणि आत डोकावली. स्वैपाकघर रिकामं. फडताळाची दारं उघडी.

तिनं भगवंतरावांना सांगितलं. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पितृपंधरवडा येतोय. तिचं पान नीट वाढ, म्हणजे शांत होईल."

पितृपक्षातली नवमी ही नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांची. अविधवा नवमी. त्या दिवशी गेलेलीच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. इंदूनं पहाटे उठून खीर केली, वडे केले. शेजारच्या उमाबाई सवाष्ण म्हणून जेवून, ओटी घेऊन गेल्या. दुर्गेच्या नावाचं वेगळं पान वाढलं होतं. ते संध्याकाळी गाईला द्यायचं असे. तोवर उंदीर लागू नयेत म्हणून अक्कानं पाटावर चढून ते वरच्या फळीवर ठेवलं. दर वर्षी तिथंच ठेवायची.

दुपारी इंदूनं दार उघडलं.

पान खालच्या फळीवर होतं. भात, खीर, वडे जिथल्या तिथं. कशालाच हात लावलेला नव्हता...

फक्त पाण्याची वाटी कोरडी ठणठणीत होती.

इंदूला त्या क्षणी भीती वाटली नाही. तिला कळवळा आला. असं कोण आहे जिला खीर नको, नुसतं पाणी हवं?

दसऱ्याच्या आधी घर साफ करायचं म्हणून फडताळ रिकामं केलं. आतल्या भिंतीला दर वर्षी चुना लावायचे, आणि दर वर्षी काही महिन्यांत तिथं पिवळट डाग वर यायचे. ज्या भिंतीत तेल मुरलंय तिच्यावर चुना धरत नाही, हे घासपूस करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. अक्का वरून नवा हात मारून मोकळी व्हायची. इंदूनं ठरवलं, या वेळी जुना चुना खरवडून काढायचा.

फळ्या काढल्या. उलथनं घेतलं. खरवडायला बसली.

एक पापुद्रा निघाला. दुसरा निघाला. डाग गडद होत गेला. त्याला आकार येत गेला...

तो हात होता.

तेलात बुडालेला हात, भिंतीवर टेकलेला. पाच बोटं स्पष्ट. त्याच्या वर आणखी एक. त्याच्या वर आणखी. खालच्या फळीच्या जागेपासून हात वर वर चढत गेले होते. मधल्या फळीच्या जरा खाली शेवटचा हात होता. त्याची बोटं लांब ओढली गेली होती, खाली घसरताना ओढली जावीत तशी.

त्याच्या वर भिंत स्वच्छ होती.

इंदूनं जमिनीवर बसून आपला हात वर केला. हात ताणला. तिची बोटं बरोबर त्या शेवटच्या बोटांवर टेकली.

म्हणजे जिचे हे हात होते तिला उभं राहता येत नव्हतं. खालची तेलाची बुधली तेवढी तिच्या हाती लागली आणि सांडली. पाणी वर होतं.

इंदूनं उलथनं खाली ठेवलं. तिनं अक्काला हाक मारली. अक्का दारात आली, भिंत पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. पण म्हणाली एवढंच, "बुधली फुटली होती एकदा. मीच पुसलं होतं."

संध्याकाळी भगवंतराव आले. इंदूनं विचारलं, "अहो, दुर्गाताई कुठं गेल्या? झोपडीत की या घरात?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. "इंदू, जिचा हात मी हातात धरून बसलो होतो, तिच्याबद्दल तू हे विचारतेस?"

इंदू शरमली. तिनं त्यांचे पाय धरले. असला संशय आपल्या मनात आलाच कसा, म्हणून तिनं स्वतःला बोल लावला.

आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं त्या हातांवर चुना फासला. एक हात, दुसरा हात, तिसरा हात. भिंत पांढरीशुभ्र झाली. पुढं आयुष्यभर तिला या एका गोष्टीची टोचणी होती. नवऱ्यानं फसवलं ते फसवलंच, पण दुर्गेला मीही फसवलं, असं ती म्हणायची.

दिवाळीनंतर गावात उंदीर पडायला लागले.

त्या काळी याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नसे. गल्लीत, मोरीत, माळ्यावर मेलेले उंदीर. मग माणसं. लोक घरांना कड्या घालून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायला जाऊ लागले. नाक्यावर तपासणी असायची. गाडीत आजारी माणूस दिसलं तर अख्ख्या कुटुंबाला परत फिरवायचे.

त्या घरातलेही उंदीर मेले. इंदूनंच केरसुणीनं गोळा केले. आता फडताळातलं काही खाली आलं तर उंदरांचं नाव घेता येणार नव्हतं.

त्या दुपारी तिनं दार उघडलं...

वरची फळी निम्मी रिकामी होती. पाणी, गूळ, लाह्या, दशम्या, सगळं खाली दाटीनं लावलेलं. कुणाला तरी फार घाई होती.

अक्कानं ते पाहिलं. एकेक वस्तू उचलून पुन्हा वर ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत इंदूला ताप भरला. काखेत गाठ आली. उभं राहिलं की पाय जायचे.

भगवंतराव तिच्याजवळ बसले. पहिल्यांदा अंतर राखून, मग जवळ. म्हणाले, "आपण माळावर जाऊ. मी गाडी घेऊन येतो. तू इथं स्वैपाकघरातच पड, इथं गारवा आहे." त्यांनी स्वतः तिचं अंथरूण तिथं घातलं.

इंदूनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. मग हळूच सोडवून घेतला.

अक्का आली. तिनं इंदूच्या कपाळावरून हात फिरवला. तिचे डोळे लाल होते. "भाकरी ठेवते गं, दूध ठेवते, पाणी ठेवते," असं म्हणत ती पाटावर चढली, आणि तिनं सगळं वरच्या फळीवर ठेवलं.

"अक्का, खाली ठेवा ना," इंदू म्हणाली. "मला उठवत नाही."

"उंदीर आहेत बाई," अक्का म्हणाली.

घरात एकही उंदीर उरला नव्हता. दोघींनाही ते ठाऊक होतं.

अक्कानं पाट उचलून बरोबर नेला. दार ओढलं गेलं. बाहेरून कडी लागली, कुलूप पडलं. अंगणात आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आवाज गल्लीतून लांब गेला, टेकडीच्या वळणाला गेला... आणि संपला.

इंदूला सगळं समजलं. माळावर कुणीच कुणाचा हात धरला नव्हता. दुर्गेलाही इथंच घातलं होतं, हीच भाकरी, हेच पाणी वर ठेवून. आणि तिनं हाका मारल्या असतील, मी आता मारते आहे तशाच.

इंदूनं हाका मारल्या. आधी "अहो" म्हणून. मग "अक्का" म्हणून. मग आईच्या नावानं. अख्खी गल्ली गाव सोडून गेलेली होती. शेवटी तिला भोवळ आली.

शुद्ध आली ती आवाजानं.

किणकिण... अगदी तिच्या कानाजवळून. जमिनीलगत. फडताळाकडे गेली. थांबली. परत आली. पुन्हा गेली...

इंदूनं डोळे उघडायचं धाडस केलं नाही. कितीतरी वेळ ती तशीच पडून राहिली. आवाज थांबला तेव्हा तिनं पाहिलं.

फडताळाची दारं सताड उघडी होती. वरची फळी मोकळी. मधलीही मोकळी. सगळं सगळं खालच्या फळीवर, तिच्या हाताशी आलं होतं. भाकरी, दूध, गूळ. पाण्याचा तांब्या सगळ्यात पुढं. वर पेला.

आणि ज्या भिंतीवर तिनं चुना फासला होता, तिथं तेलाचे हात पुन्हा वर आले होते. आता ते सगळ्यात वरच्या फळीपर्यंत गेले होते.

इंदू रडत रडत पाणी प्याली.

देवासला उंदीर पडल्याची बातमी धारला पोचल्याबरोबर अण्णा बहिणीला आणायला निघाले होते. ते आले तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराला कडी-कुलूप. कुत्र्यासारखं काहीतरी आत कण्हत होतं म्हणून त्यांनी पहारीनं कडी तोडली. इंदू जिवंत होती. गाठ फुटली होती, ताप उतरला होता. अण्णांनी तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत निजवलं. ती बेशुद्ध होती.

गाडीवान माळव्यातलाच, पीपलरावां गावचा. बैलांना दटावता दटावता तो थांबला. दाराकडे बघत म्हणाला, "भिया, भीतर कोई और बी हे कंई? आवाज दई री हे."

"कुणी नाही. हाक गाडी," अण्णा म्हणाले.

धारला इंदू बरी झाली. भावानं दावा करायचं म्हटलं, देवासला जाऊन चार माणसांत जाब विचारायचं म्हटलं. तिनं नको म्हटलं. "ते परत आल्यावर तुटलेली कडी बघतील," ती म्हणाली. "मी नाही हे बघतील. मग शोधत येतील. येऊन काय तोंडानं बोलतात ते मला ऐकायचंय."

ती वाट पाहत राहिली. भगवंतरावांनी तुटलेली कडी पाहिली असणार. रिकामं अंथरूण पाहिलं असणार. ते आले नाहीत. कुणाला पाठवलं नाही. कडी लागली तेव्हा दुखलं नाही इतकं तिला हे दुखलं.

त्यानंतरच्या नवरात्रात उमाबाई धारला आल्या, कालिकामातेच्या दर्शनाला. देवळाच्या पायऱ्यांवर त्यांना इंदू दिसली, आणि त्यांच्या हातातलं ताट पडलं.

"अगं तू... तू तर मेलीस ना!"

पाणी पाजल्यावर त्या बोलायला लागल्या. "भगवंतरावांनी आम्हाला सांगितलं, माळावर गेली म्हणून. म्हणाले, शेवटपर्यंत माझा हात धरला होता. किती रडले गं! आणि मग लगन केलं दुसरं. मतलब, तिसरं. कन्नौदकडची पोर आहे. तिच्या गळ्यात आता दोन टाक आहेत. आत्ता पंधरवड्यात नवमीला मी... माझे बाई, मी तुझ्या नावानं खीर जेवून आले!"

इंदू हसली. तिला रडूच यायचं होतं, पण ती हसली.

"ती पोर लई घाबरलीये," उमाबाई आवाज उतरवून म्हणाल्या. "म्हणते, फडताळातलं सामान आपोआप खाली येतं. म्हणते, काकू, एक नाही, दोघी आहेत. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, कधी खालच्या फळीवर तांब्या येतो त्यावर पेला असतो. आणि कधी..."

"कधी काय?"

"कधी वर वाटी पालथी असते. आणि पाण्यात तुळशीचं पान."

इंदूचा हात गळ्यातल्या टाकावर गेला. ती एवढंच म्हणाली, "त्या पोरीला सांगा, पाणी तिथंच राहू दे. कुणी कितीही म्हटलं तरी वर उचलून ठेवू नको."

घरी येऊन ती अण्णांसमोर बसली.

"अण्णा, तू मला आणलंस तेव्हा आतून कुणीतरी आवाज देत होतं, असं गाडीवान म्हणाला होता ना?"

अण्णांनी मान खाली घातली. "तू बेशुद्ध होतीस. तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मला ऐकू येतं कधीकधी. तू ऐकलं होतंस?"

"हो."

"काय म्हणत होतं?"

दुर्गेनं अण्णांना जन्मात कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं नावही तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. गाडीत निजलेल्या इंदूचे ओठ तर घट्ट मिटलेले होते, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

"'अण्णा' म्हणत होतं," ते म्हणाले. "'अण्णा, मी इथं आहे. मला नाही का नेत?'"

इंदू पुढं खूप वर्षं जगली. ताप आला की उशाशी बसलेल्याला विचारायची, "मी आले ना रे तिथून? सगळी आले ना?" घरचे हो म्हणायचे.

आमच्याकडे अजूनही पिण्याचं पाणी खालच्या फळीवर ठेवतात. मीही ठेवतो. कधी दुपारी घरात कुणी नसताना पाहतो तर तांब्यावरचा पेला बाजूला असतो, आणि वर वाटी पालथी असते...

मी वाटी उचलून आत बघत नाही.